नखभर

पॅकहाऊसच्या दारात गांगुर्डेबाई हात बघतात.
पंजे उलटे, पंजे सुलटे, चल पुढे.
पहिल्या दिवशी माझी बोटं वर धरून म्हणाल्या,
"बघा गं, अशी नखं पाहिजेत. कशानं काढतेस?"
मी गप्प.
दातानं, असं कसं सांगायचं
परदेशी चाललेल्या मालाच्या तोंडावर?

चौथीपासूनचं आहे हे.
मखमलाबादच्या शाळेत सोमवारी नखं तपासायचे,
लांब दिसली की पट्टी उभी धरून.
घरात नेलकटर नव्हतं, बापाच्या दाढीचं ब्लेड होतं,
आणि दिवे लागल्यावर नखं काढायची नाहीत, हा आईचा नेम.
रविवारी रात्रीच आठवायचं मला.
मग गोधडीत शिरून
एकेक बोट तोंडात.
सोमवारचा मार वाचला.
मंगळवारी पुन्हा गेलं बोट आत,
तेव्हा कुठला सोमवार होता?

आईनं मिरची लावून बघितली. कोरफड लावली.
कडुनिंबाचा पाला वाटून दहाही बोटांना चिंध्या बांधल्या.
चिंध्या चोखता चोखता
मला कडूच गोड लागायला लागलं.
अजून कारल्याची भाजी मी दोनदा घेते.

आता जानेवारी ते मार्च, टेबल नंबर सहा.
घड फिरवायचा, सडका मणी कात्रीनं अलगद काढायचा,
मण्यावरची पांढुरकी लव पुसू द्यायची नाही.
मालाला नख लागता कामा नये, बाई ओरडतात.
मला ती भीती नाही.
माझ्याकडे लावायला नख आहे कुठं?

मधल्या सुट्टीत बोट जातंच.
नख संपलं की कडेची कातडी,
कातडी संपली की नुसतं बोट दातात धरून बसायचं,
बिडी विझलेल्या माणसासारखं.

यंदा उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं.
रात्रभर ठणका, जसं कुणी आतून दार वाजवतंय.
द्वारकेजवळ डॉक्टर निकुंभांनी चीर दिली,
पू काढला, पट्टी बांधली,
मग म्हणाले, आ करा.
पुढचा दात झिजलाय. जबडा दुखतो का? पोट?
जंताची गोळी शेवटची कधी घेतली?
अहो, नखाखालचं सगळं पोटात जातं.
मी मनात मोजत बसले, काय काय गेलं:
भाजीची माती, सुटे पैसे, पोरीची शी,
बागेत घड बुडवायच्या बादलीतलं ते औषध.
पेटीतल्या द्राक्षांचा रिपोर्ट लॅबमधून येतो.
माझा कुठून येतो?

रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना.
"दुसरं बोट लावा. आता तिसरं."
मागे रांग.
आठव्या बोटाला मशीनला पटलं
की मी मीच आहे.

डॉक्टरांना म्हटलं, सुटत नाही हो.
ते म्हणाले, सगळी नका सोडू. एक सोडा.
डावी करंगळी. बाकीची नऊ खा खुशाल.
मला हसू आलं. असा सौदा कुणी केला नव्हता माझ्याशी.

सव्वीस दिवस झाले.
पॅकहाऊसच्या गाडीत, पंचवटीच्या सिग्नलला,
करंगळी ओठापर्यंत येते आणि मागे जाते,
उंबऱ्यावरून परतणाऱ्या मांजरासारखी.
टोकाला पांढरी कड आलीय.
नखभरच. पण म्हणायला नख.

काल गौतमी शाळेतून आली. वेणीच्या रिबिनीला निरगाठ.
एरवी अशी गाठ मी दातानंच सोडते.
या वेळी करंगळी घातली गाठीत,
जरा खुपसली, जरा ओढली,
आणि गाठ सैल झाली.
गौतमी मान वळवून बघत होती.
तिची तर्जनी तोंडात.
ओरडणार होते. ओरडता आलं नाही,
माझा अंगठा माझ्या तोंडात होता,
पट्टीसकट.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
मग मी तिला म्हटलं,
तुझी कुठली सोडायची? निवड एक.
ती दहाही बोटं पसरून
बराच वेळ बघत बसली,
दुकानात खेळणं निवडावं तशी.