रकाना

लोटाच्या बस थांब्यावर तो उतरला
तेव्हा मी आधी त्याचे कान पाहिले.
बाबांचे कान. खाणीत जाणाऱ्या माणसाचे,
टोपीत न मावणारे.
बाकी सगळा स्वीडनचा : बूट, दाढी,
आणि 'ओला' म्हणताना घसरलेली जीभ.

युआकिम म्हणतात त्याला तिकडे.
आई होआकीन म्हणते.
तिनं ठेवलेलं नाव ती अजून सांगत नाही.

माझ्या पाठचा तो.
माझ्या पाठीला सेहेचाळीस वर्षं
नुसता समुद्राचा वारा लागत होता.

दवाखान्यात सांगितलं होतं, मूल गेलं.
कुठे गेलं, हे तिनं विचारलं नाही. बावीस वर्षांची होती.
दाखवलं नाही. सही घेतली.
मग दर नोव्हेंबरला ती दफनभूमीत जायची
आणि नाव नसलेल्या कुठल्याही छोट्या थडग्यावर
एक कार्नेशन ठेवून यायची.
"कुणाचं तरी आहेच ना," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी मी एका नळीत थुंकले.
आईला पटेना.
इतकी वर्षं रडून सापडला नाही,
तो थुंकून सापडेल?

जेवण झालं. कुणालाच काही सुचेना.
माझी यास्ना मधे बसलेली, दोन्ही बाजूंचं इंग्रजी सांभाळत.
त्यानं वही काढली.
म्हणाला, डॉक्टर दर वेळी विचारतात
घरात कुणाला काय होतं.
हृदय : माहीत नाही. साखर : माहीत नाही.
तेवढं सांगाल का?

आणि सकाळपासून नुसते चमचे पुसणारी आई
बोलू लागली.
आजोबांची छाती, कोळशानं भरलेली.
रोसाउरा मावशीची साखर, आणि चोरून खाल्लेला मुरंबा.
गुडघे, हे तर सगळ्यांचेच.
झोपेत बोलणारा एक मामा, तोही फक्त आकडे.
वेड कुणाला नाही. बरं, एकाला. पण प्रेमळ होता.
यास्ना दमली. तो लिहीत राहिला
डाव्या हातानं.

आईनं तो हात पाहिला
आणि गप्प झाली.

मग म्हणाली, "तू पायाळू.
पाय आधी आले तुझे."

यास्नाला शब्द सापडेना.
तो पेन धरून तसाच, आमच्याकडे बघत.
शेवटी आई खुर्चीवरून उतरली,
त्याच गुडघ्यांवर खाली बसली,
आणि त्याच्या बुटाची नाडी सोडू लागली.