आठ लिटर

पहाटे पाच वाजता, वनखात्याच्या नाक्यावरल्या बल्बखाली
अढाऊ सरांनी एकेकाची सॅक ताणकाट्याला टांगली.
माझी भरली सव्वानऊ.
आठ लिटर पाणी, भाकर, ठेचा
आणि गुडघ्याचा पट्टा,
कुणाला दिसू नये म्हणून तळाशी कोंबलेला.

मे महिन्यात हिमालयात जायचंय आम्हाला.
बर्फ मी फ्रीजबाहेर पाहिलेला नाही.
म्हणून दर रविवारी ही तालीम:
वजन वर न्यायचं, शिखरावर ओतून द्यायचं,
उतरताना गुडघ्यांना सूट.
सरांचा हिशोब चोख. मी पतसंस्थेत कॅशियर,
मला पटला.

आम्ही अकरा जण, आणि पुढे सोमती बेठेकर.
खाकी जॅकेट, पायात प्लास्टिकची चप्पल,
पाठीवर काहीच नाही.
निघताना एवढंच म्हणाली,
"लय बोलू नका. दम पुरवून ठेवा.
अन् अस्वल दिसलं तं पळू नका. मीच पळीन."
हसावं की नाही हे ठरेपर्यंत ती वळणापार.

जानेवारीत सागाची पानं पापडासारखी वाजतात,
या जंगलात चोरून थकताही येत नाही.
मी पावलं मोजत होते, नोटा मोजते तशी.
शंभराचं बंडल झालं की
अंगठा ओला करावासा वाटे.
सव्विसाव्या बंडलाला डावा गुडघा बोलला.
राठींचा मुलगा मागून, मनगटावरल्या घड्याळात बघत:
ठोके एकशे बासष्ट. एकशे चौसष्ट.
जणू मंडईतला कापसाचा भाव.

मधल्या सपाटीवर मी बसले.
खरं तर सॅकनं बसवलं.
सोमती परत आली. ओरडली नाही.
पट्टे दोन बोटांनी ओढून घट्ट केले.
"खाली लोंबते म्हून जड लागते.
पाण्याले पाठीशी चिकटवा. लेकरावानी."
मग पुढे गेली नाही. बाजूनं चालली,
माझ्या दमाच्या चालीनं,
स्वतःची चाल जॅकेटच्या खिशात घालून.

शिखर म्हणजे
काळ्या दगडांचा ढीग, वरच्या दगडाला शेंदूर,
कान बधिर करणारा वारा,
आणि खाली धुरकटात कुठेतरी आमचा तालुका,
त्यातली माझी काचेची खिडकी.
फोटो झाले. सर म्हणाले, ओता.
झाकणं फिरली.

"थांबा!"
सकाळपासून पहिल्यांदा तिच्या आवाजाला चढ.

पन्नास पावलं पलीकडे, रायमुनियाच्या जाळीमागं
एका घराचं जोतं. मग दुसरं. मग रांगच.
एका चुलीतून बोरीचं झाड वर आलेलं.
आणि दगडी डोणी, वाळक्या पानांनी भरलेली.
तिनं हातानं पानं उपसली, कोपऱ्यांतली नखानं.
"गाव होतं. बारा वर्सं झाली, खाली नेलं.
पानी त्या दरीतून आणो आमी.
दोन गुंड. दिवसातून तीनदा."

किती किलो, हे कुणी विचारलं नाही.
माझ्या डोक्यात गुणाकार झालाच.
उत्तर मी कुणाला सांगितलं नाही.

एकेक जण ओतत गेलो.
अठ्ठ्याऐंशी लिटर, वाटेत प्यालो ते वजा.
डोणी भरली नाही,
पण तळाला एक ढग येऊन बसला.
"आता इथं पितं कोण?" राठींचा मुलगा.
"रानगवा येते. साळिंदर. मोर. जे राह्यलं ते."
मग वाकून तिनं एक ओंजळ घेतली
आणि म्हणाली, "डा."
कोरकूत पाण्याला डा म्हणतात.
ती आम्हाला शिकवत नव्हती,
पाण्यालाच हाक मारत होती.

उतरताना सॅक रिकामी, पाठ मात्र
अजून पुढे झुकलेली, सवयीनं.
गुडघ्याचा पट्टा मी काढला
आणि बांधला सगळ्यांदेखत, सलवारवरून.

नाक्यावर सर वही उघडून:
पुढच्या रविवारी किती?
मी म्हटलं, दहा लिहा.
सोमती चपलेतलं कुसळ काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"डोणी मोठी हाये."