शनिवारचा काळा

शनिवारी सकाळी आठला बांबू रोवतो,
निळी ताडपत्री ताणतो
आणि मेक्सिको सिटीच्या मे महिन्यातल्या उन्हात,
रेल्वे स्टेशनामागच्या गल्लीत,
अंधार टांगायला घेतो.
एका हँगरला एक.

मखमलीचे कोट, जाळीचे हातमोजे,
श्वास मोजून घ्यायला लावणारे कॉर्सेट,
अठरा बकलांचे बूट.
त्यातली दोन बकलं नुसती शोभेची,
हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.
रंगाबद्दल मात्र कुणी विचारत नाही,
सगळ्यांना वाटतं, काळा म्हणजे काळा.

काळाभोर वेगळा. काळाशार वेगळा.
काळाकुट्ट तर ठोक बाजारात मिळतच नाही,
तो घरी शिजवावा लागतो:
आईच्या तामालेच्या टोपात
दोन पुड्या रंग, पेलाभर व्हिनेगर, मूठभर मीठ,
आणि तासभर दांड्यानं ढवळत राहायचं.
आईनं त्या टोपावर कधीच पाणी सोडलंय.
वर म्हणते, नेफ्ताली, तुझी नखं बघून
शेजारीण विचारत होती, पोरगा गॅरेजात लागला का?

स्वस्तातला काळा दुसऱ्या धुण्यात हिरवट पडतो,
तिसऱ्यात विटकरी,
चौथ्या धुण्यानंतर परत येतो, माणसासकट,
आणि भांडतो.

डोळ्यांच्या कडांना काजळाचे पंख काढलेली पोरं येतात,
दुपारपर्यंत त्या पंखांचे ओघळ हनुवटीला पोचतात.
बँकेतला ओस्वाल्दो येतो, बदामी पँट,
ओळखपत्र खिशात दडवलेलं.
दर शनिवारी तोच एक कोट चढवतो,
डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो,
नीट घडी घालून परत देतो.
सात महिने झाले.
दुसरं कुणी त्या कोटाची किंमत विचारली
की मी सांगतो, गेलाय.

गेल्या शनिवारी एक बाई आली, साठीच्या पुढची.
फुलाफुलांचा झगा, हातात भाजीची पिशवी,
पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी.
म्हणाली, काळं हवंय. उद्या बहिणीला पोचवायचंय.
मोठ्या दुकानांत सगळीकडे पोपटी आणि पिवळं,
कुणीतरी म्हणालं, तिकडे त्या पोरांच्यात बघा.

बारा वर्षं मी काळं विकतोय.
दुःखासाठी कुणी मागितलं नव्हतं.
इथं लोक काळं घेतात नटायला, नाचायला,
बापाला चिडवायला,
रस्त्यात आपल्यासारखं दुसरं कुणी दिसावं म्हणून.
मी साधं काहीतरी शोधू लागलो
तर साधं माझ्याकडे एकही नाही.
याला वटवाघळाची कॉलर, त्याला साखळ्या,
एकाच्या पाठीवर कवटी, तीही दात काढून हसणारी.
तो मी घाईघाईनं मागं सारला.

राहू दे तो, ती म्हणाली.
ब्रिहिदा अशीच हसायची,
सगळे दात दाखवून. चर्चमध्येसुद्धा.

आरसा ओस्वाल्दोनं धरला.
कोट तिच्या घोट्यांपर्यंत आला.
ती वळली, घेर जरासा फुलला.
मग पुन्हा वळली, गरज नसताना.
तोंडावर हात ठेवून उभी राहिली कितीतरी वेळ,
खांदे हलत होते.
कशानं, ते मी विचारलं नाही.
ओस्वाल्दोनं आरसा थोडा खाली केला.

पैसे तिनं नाण्यांसकट मोजले.
मी पन्नास परत केले, तिनं ते परत टोपलीत टाकले.
रंग जाणार नाही ना, तिनं विचारलं,
उद्या फार रडू आलं तर?
नाही, मी म्हणालो,
मिठानंच पक्का होतो तो.

कोट अंगातच ठेवून ती निघाली,
रणरणत्या उन्हात,
चांदीच्या अंगठ्या विकणाऱ्या जोडप्याच्या मधून,
गिटारवाल्यांच्या कोलाहलातून,
पाठीवर बहीण हसत.
काजळवाल्या पोरांनी आपसूक वाट दिली.

कोथिंबीर विसरली.
संध्याकाळी ताडपत्री सोडेपर्यंत मी वाट पाहिली,
मग जुडी घरी नेली.
आईनं तिचा साल्सा केला,
मिठाचं माप दोनदा विचारून,
दुसऱ्या भांड्यात.