डिपॉझिट

आधी काठी आणली होती, चार पायांची.
मग काठी परत करून वॉकर.
आज वॉकर परत करायला निघालोय,
रिक्षात आडवा धरून, नारायण पेठेपर्यंत.
त्याचा एक पाय बाहेर,
आणि सिग्नलला मागचे दुचाकीवाले
त्या पायाकडे बघून जरा लांब सरकतात.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
ज्यांना चालता येत नाही त्यांचं सामान
चालणाऱ्यांनी जिना चढून न्यायचं-आणायचं.
मी यावर वाद घालत नाही,
माझे गुडघे घालतात.

काउंटरवर चिरमुले बाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या.
रजिस्टरात बोट खाली खाली नेतात:
ढमढेरे कालिंदी भाऊसाहेब, कसबा पेठ, वय अठ्ठ्याऐंशी.
वॉकर एक. डिपॉझिट पाचशे.
"सुधारल्या का?" विचारून
माझ्या तोंडाकडे न बघताच पान उलटतात.
हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात
आणि उत्तरासाठी कुणालाच थांबवत नाहीत.
यात केवढी सभ्यता आहे ते आज कळलं.

वॉकरच्या डाव्या मुठीला चिंधी होती,
आमच्या आधीच्या कुणीतरी गुंडाळलेली.
फुलाफुलांची, धुऊन धुऊन विरलेली.
आईनं ती सोडू दिली नाही.
"कुणाचा तरी हात आहे तो, असू दे."
उजव्या मुठीला आपल्या पातळाची पट्टी लावून घेतली,
गाठ स्वतः मारली, उरलेल्या दातांनी ओढून.

पस्तीस वर्षं गिरणी चालवली तिनं.
पट्टा सुटला तर मिस्त्रीची वाट बघायची नाही,
मोटर बंद करून आपणच चढवायची,
पिठानं पांढऱ्या भुवया, आणि बाहेर डब्यांची रांग.
आता कूस बदलायची तर
मी एक, दोन, तीन म्हणतो,
तिनं तीनला जोर लावायचा असतो.
कधी ती दोनलाच लावते. मग दोघं हसतो.
कधी लावतच नाही.

एअर बेड, पंपासकट. डिपॉझिट दोन हजार.
"बेडवर भरवसा ठेवून झोपू नका,
दर दोन तासांनी कूस बदलायचीच.
टाचा बघत जा, माकडहाड बघत जा.
लाल दिसलं तर चोळायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं."
मी लिहून घेतो, वीजबिलाच्या पाठीवर.
"रात्री कोण असतं?"
मीच.
"दिवसा?"
दिवसाही.
"आत्ता?"
शेजारच्या भोकऱ्यांची सून, एक वाजेपर्यंत.
"वय?"
सांगितलं की, अठ्ठ्याऐंशी.
"त्यांचं नाही विचारलं."

चौसष्ट.
हा आकडा मोठ्यानं म्हणून
बरेच महिने झाले होते.

बाई उठल्या. कोपऱ्यातली चाकाची खुर्ची उलगडली,
दोन्ही ब्रेक लावले, हलवून बघितलं.
"बसा. पाऊण वाजता उठवते."

झोपलो. तोंड उघडं टाकून,
कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड,
परत आलेल्या आणि पुन्हा जायच्या वस्तूंमध्ये
मीही एक.

उठलो तर रजिस्टरात नवी ओळ:
ढमढेरे, चिरंजीव. खुर्ची एक.
मुदत वीस मिनिटं. डिपॉझिट नाही.
आणि माझ्या वीजबिलावर, त्यांच्या अक्षरात,
एक फोन नंबर. खाली:
दुसऱ्या शनिवारी सांभाळणारे जमतात, इथंच.
चहा असतो. पेशंटला आणू नये.

रात्री पंप लावला.
घर्रर्र करत एक नळी फुगते, शेजारची बसते.
आई डोळे मिटूनच म्हणाली,
"एवढ्या रात्री कुणाचं दळण राहिलंय रे?"
आपलंच, म्हणालो.
तिनं कान देऊन ऐकलं, बराच वेळ,
दगड बरोबर बसलाय का ते ऐकावं तसं.
"मग तू बस की जरा.
पट्टा नीट चालू असला
की माणसानं उभं राहू नये."

दोनचा गजर लावला
आणि बसलो.