दोन बोटं ढील

सोहारच्या सनैयात, गल्ली नंबर नऊ.
असरची अजान होऊन गेली
तरी पत्र्याला हात लावायची सोय नाही.
गुलरेज मशीन घेऊन वळला तेव्हाच ऐकू आलं:
टप, टप, टप, गप्प.
जिथे रबराचा दात उरलेला नाही, तिथे गप्प.

उकिडवा बसून पाहिलं.
पट्ट्याच्या पोटातून तारा बाहेर आलेल्या,
उसवलेल्या गादीतून काथ्या यावा तशा.
साडेतीन टनांची ही मशीन
चौदाशे तास चालली
आणि गेली कुठे?
फलजच्या वाटेवरल्या तीन व्हिलांच्या कंपाउंडात,
पाइपासाठी चर खणत, पुन्हा बुजवत.
माणसं कचेऱ्यांपुढे जोडे झिजवतात.
हिने कोणाच्या दारात झिजवले?

दोन्ही बदला, मी म्हटलं.
अरबाबचा फोन आला: एकच. उजवा.
डावा ईदपर्यंत काढा.
एकच बदलला तर वाकडी चालेल, मी म्हटलं.
चालेल, तो म्हणाला,
आणि फोन ठेवला.

बकेट जमिनीत रोवून उजवी बाजू उचलली,
खाली सागाचे ओंडके.
समोर उभा राहू नकोस, शफिउल.
इकडे ये. अजून इकडे.
ग्रीसचा व्हॉल्व्ह पाव फेरा, मग पाव फेरा,
घाई नाही. आत जे कोंडलंय
ते एकदम सुटलं तर हाड बघत नाही.
कुरडईच्या सोऱ्यातून चीक यावा
तसं ते आलं, काळं, वळसे घेत,
आणि पुढचं चाक हुंकार देऊन मागे सरलं.

पहार घातली. पट्टा उतरला.
आत दबलेली वाळू धबाधबा पडली,
वाळूत खडी, एक शिंपला
आणि एक हिरवी गोटी.
कुठल्या पोरानं कुठल्या व्हिलात शोधली असेल ती.
शफिउलने शर्टाला पुसली, खिशात टाकली.
मी पान्याचा नंबर बघत राहिलो.

नवा पट्टा कंटेनरात गुंडाळून आलेला,
त्याला अजून गुंडाळीच आठवते.
तिघांनी ओढला तरी
इकडे बसवावा तर तिकडून उचलतो.
गुलरेजने पश्तोत शिवी घातली, मी इचलकरंजीची.
मग मागांचं शेड आठवलं,
जॉबर बाबू मगदूम, तोंडात तंबाखूचा बार,
पट्ट्याशी झोंबणाऱ्या मला ढकलून म्हणालेला:
तू कशाला चढवतोस रे?
चाक फिरव सावकाश. त्याला वाट दाखव,
तो आपला आपण चढतोय.

मागच्या दात्यांत आधी अडकवला.
गुलरेज, हळू. अजून हळू.
पहारीवर मी सगळं वजन टाकून,
आणि एका क्षणी हातातलं ओझंच गेलं,
पट्टा चाकावर असा बसला
की जणू आम्हीच उगाच आडवे आलो होतो.

आता ताण.
तुटेपर्यंत ताणू नये, हे सगळेच सांगतात,
पण कुठे थांबायचं ते कोणी सांगत नाही.
इथे सांगतात: मधल्या रोलरखाली दोन बोटं.
शफिउल ग्रीसगन मारतोय, मी खाली बोटं धरून.
कोणाची बोटं, मिस्त्री? त्याने विचारलं.
तुमची जाड आहेत, माझी बारीक.
एकोणीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.
दोघांचीही घालून पाहिली.
शेवटी माझीच धरली,
कारण उद्या तक्रार आली तर
अरबाब मलाच बोलावणार.

मगरीबच्या आत गुलरेज निघाला.
मशीन डावीकडे ओढत होती, थोडीशीच,
आणि तो दर दहा फुटांवर तिला सरळ करत होता.
मागे धुळीत दोन पट्टे:
एकावर नक्षी, कंगोरा न् कंगोरा मोजावा अशी,
दुसरा नुसताच कोणीतरी काही फरपटत नेल्यासारखा.
कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोन्हींवरून
पाण्याचा टँकर गेला.

जुना पट्टा दारात पडलेला,
चाकांचा आकार अजून सोडलेला नाही.
शफिउल त्याच्या आत पाय दुमडून बसला,
एका हातात कडक चहा,
दुसऱ्या तळहातावर गोटी फिरवत.
कापायचा ना हा? त्याने विचारलं.
उद्या, मी म्हटलं.
सरक जरा.