समुद्राचं तापमान

सर्व्हरचा पासवर्ड आजही तोच आहे:
झिगुर्ड्सच्या कुत्र्याचं नाव, पुढे सात.
कुत्रा दोन हजार चारमध्ये गेला,
झिगुर्ड्स त्यानंतर सहा हिवाळ्यांनी.
मालक आले, गेले,
त्या कुत्र्याला कुणी उठवलं नाही.

सुरुवातीला जाळी दुरुस्त करायच्या शेडवर एक खोली.
तिघं आम्ही. टेलिफोनची एकच तार.
बातमी चढत असताना कुणी रिसीव्हर उचलला
की ती अर्ध्यावर तुटायची.
नाव ठेवलं 'बोया',
कारण तो हलतो खूप, पण जागा सोडत नाही
असं तेव्हा वाटलं होतं.

पहिली बातमी: धुरवणीच्या भट्टीला आग,
जीवितहानी नाही,
चारशे किलो हेरिंग जरा जास्तच धुरावले.
दुसरी: पाणी सहा अंश.
झिगुर्ड्सची आई, स्काइद्रीते,
धक्क्याच्या टोकाशी जाऊन
दोरीला बांधलेला थर्मामीटर बुडवायची,
घरी येऊन फोन करायची.
आकडा सांगून झाला की विचारायची,
"व्हिझ्मा, आणखी काय आज?"
मी सांगायचे. तिच्याकडे संगणक नव्हता.

मग ओस्लोहून नम्र माणसं आली.
दारात बूट काढले, कॉफीचं यंत्र दिलं, पगारी रजा दिल्या.
झिगुर्ड्सने त्या पैशांतून बोट घेतली
आणि बोटीवरून रोज आमच्या शुद्धलेखनाच्या चुका कळवत राहिला.
मंदी आली तशी ती माणसं गेली. यंत्र राहिलं.

टालिनच्या कुणी आम्हाला एका लाटला घेतलं.
लाट, आमचं तेव्हाचं नाणं,
त्यावर उडी मारणारा सॅमन.
करारावर सह्या झाल्यावर
त्याने ते नाणं खरंच टेबलावर ठेवलं.
कुणाला हसू आलं, कुणाला नाही.

त्यानंतर सायप्रसची एक कंपनी.
तिचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी,
त्या पेटीची मालकीण दुसरी टपालपेटी.
पण बंदरावरच्या कोळशाच्या क्रेन कुणाच्या
हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
तो स्वतः कधी आला नाही.
वकील आला. यादी घेऊन. अकरा बातम्या.
दोरीवरच्या चादरी, शाळेच्या खिडक्या,
तालिवाल्डिसच्या नातीचा खोकला.

मी पुसल्या.
दुसऱ्या कुणी नाही, मीच, रात्रपाळीत.
यंत्राने प्रत्येक वेळी विचारलं, नक्की?
अकरा वेळा मी होय म्हटलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
खाऱ्या माशांच्या गावात
कुठल्या मिठाला, ते सांगत नाहीत.

त्या जागी आता एक वाक्य दिसतं:
'आपण शोधत असलेलं पान सापडलं नाही. क्षमस्व.'
ते मीच लिहिलं होतं, पहिल्याच वर्षी,
'क्षमस्व' असावं म्हणून झिगुर्ड्सशी भांडून.

स्काइद्रीते मागच्या शरदात गेली.
तिच्या भाचीने एक खोका आणून दिला,
स्प्रॅट माशांचा, अजून धुराचा वास,
आत सतरा वह्या.
तारीख. अंश.
आणि पुढे, फोनवर मी जे सांगितलं असेल त्याची
एक ओळ.

१४ मार्च. पाणी दोन. चादरी काळ्या झाल्या.
२ एप्रिल. पाणी चार. शाळा बंद, खिडक्या धुतायत.
९ एप्रिल. पाणी चार. ती पोर दवाखान्यात.

अकराच्या अकरा. मोजल्या.

सोमवारी रिगाचा एक फंड ताबा घेतोय.
मालमत्तेची यादी माझ्याकडूनच करून घेतली:
नाव, बोधचिन्ह, शेहेचाळीस हजार लेख,
कॉफीचं यंत्र (नादुरुस्त).
तापमानाचं सदर बंद, म्हणाले, सेन्सर लावू.
आणखी काही राहिलं का, त्यांनी विचारलं.
नाही म्हटलं.

आज पहाटे धक्क्यावर गेले होते.
दोरी तिचीच. गाठ मला नीट जमत नाही.
पाणी तीन.
आता कुत्र्याचं नाव टाइप करते,
पुढे सात,
आणि पहिली वही उघडते.