गॅलरीतली कुलपं

माझ्या मोबाईलमध्ये अकराशे त्रेचाळीस फोटो होते
एकाच कुलपाचे.
पितळी, नऊ लिव्हरचं, मेनरोडवरून घेतलेलं,
रोज सकाळी सात चाळीसला,
कधी माझ्याच अंगठ्याची सावली पडलेलं.
अधूनमधून गॅसचं बटण.
आणि दोन कुलपांच्या फटीत सापडल्यासारखी
रेवा, पहिला दात पडल्या दिवशीची.

सुनयना पहिल्या पाळीला, रेवा शाळेच्या रिक्षात,
शेवटचा बाहेर पडणारा मी.
घर जळलं तर शेजारचे आजोबा जळतील,
जबाबदार मी.

सातपूरला मी क्वालिटीत आहे.
साहेब म्हणतात, खैरनारची नजर म्हणजे नजर.
दोनदा बक्षीस मिळालं, दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ.
त्यांना कोण सांगणार
की हा माणूस मायको सर्कलवरून गाडी वळवून
म्हसरूळला परत जातो,
कुलूप ओढून बघतो,
आणि ओढल्यामुळेच निघालं नसेल ना
म्हणून पुन्हा ओढतो.

डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह दिलं.
मामांनी त्र्यंबकला तीन दिवसांची पूजा लावली.
शेवटी गुरुजी म्हणाले, आता निश्चिंत व्हा.
मी विचारलं, नक्की?
ते म्हणाले, नक्की.
मी म्हणालो, अजून एकदा सांगता?

कॉलेज रोडच्या एकाने मनगटाला रबर बांधायला लावलं,
विचार आला की ओढायचं.
मी तीन-तीनदा ओढू लागलो,
दोनदा झालं तर पहिल्यापासून.

मग सुनयनाच गच्चीवर बसली, वहीत सात नंबर घेऊन.
ओसीडी बघता का? ईआरपी करता का?
चौथा म्हणाला, ते सॉफ्टवेअर ना? आमच्या कंपनीत आहे.
ती फोन ठेवून इतकी हसली
की मला कळेना, रडतेय का.
सातव्या नंबरने पाच आठवड्यांनंतरची वेळ दिली.

शरणपूर रोड, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला.
अत्तार मॅडम.
मी विचारलं, घर जळणार नाही ना?
त्या म्हणाल्या, मला माहीत नाही.
इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.
मला उठून जावंसं वाटलं.
त्या म्हणाल्या, तुम्हालाही माहीत नसतं.
ते माहीत नसणं घेऊन कामावर जायचं,
एवढंच शिकायचंय.
गोळी वेगळी, रात्रीची, तोंड कोरडं पाडणारी.

कुलूप एकदा. फोटो नाही. मागे बघायचं नाही.
भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे.
निमाणीला पंच्याऐंशी.
होळकर पुलावर पंच्याण्णव,
खाली रामकुंडात माणसं बुडी मारून वर येतात,
मी वर येत नाही.
सीबीएसला ऐंशी.
मायको सर्कल, सत्तर, सत्तर, पंचावन्न.
मी हे सगळं कंपनीच्या तपासणी तक्त्यासारखं
पट्टीने रेघा मारून नेलं.
मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी खाडाखोड करून आणा.
त्याला दोन आठवडे लागले.

फोटो उडवायचे ठरले.
सगळे निवडले, रेवा सोडून.
मोबाईलने विचारलं, नक्की हटवायचे?
म्हटलं, बाबा, तूही आमच्यातलाच.
उडवले. पण ते तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतात
हे मला ठाऊक होतं.
चौथ्या रात्री मोरीत बसून मी डबा उघडला.
सांगितलं मॅडमना.
त्यांनी नुसती मान हलवली, लिहून घेतलं,
विचारलं, आणि पाचव्या रात्री?

पाचव्या रात्री नाही.
नवव्या रात्री, हो.

परवा अर्ध्या वाटेतून परत गेलो.
काल नाही गेलो.
आज पुलाच्या अलीकडे सिग्नलला उभा आहे
आणि किल्ली फिरवल्याचं काही केल्या आठवत नाही.
हात खिशातल्या मोबाईलवर.
गॅलरीत बघायला आता फक्त एक बोळकं हसू.
मागचा रिक्षावाला हॉर्न देतोय.